दुर्बिणीची बेरीज

३ मार्च

चि. चिमणे, आजीचे पोटभर आशीर्वाद.

कॅलकुलसच्या लांबलचक बेरजा दुर्बिणीने सोडवायच्या असतात आणि नेमकं तेच तुला जमत नाही, असं तुझी आई सांगत होती. अगं, मग बोलायचं नाही का? तुझ्या आजोबांची बंदरावरची दुर्बीण माळ्यावर नुसती लोळत होती. पुसून, लोकरीच्या मोज्यात घालून पार्सल केली आहे. सरांनी विचारलं तर घरची आहे म्हणावं.

इकडे मोठ्या जाऊबाई महिनाअखेर मुलाकडे कायमच्या निघाल्यात. आमचा अबोला आहे तसाच. एका ओट्यावर दोघींचे दोन चहा. त्या अशाच गेल्या तर? जाऊ दे, माझं दूध उतू चाललंय.

तुझी आजी

९ मार्च

ती. आजीस सा. नमस्कार.

दुर्बीण पोचली. वसतिगृहातल्या मुलींनी समोरच्या इमारतीतल्या टीव्हीवर मालिका पाहून घेतली. पण आजी, दुर्बीण हे रीतीचं नाव आहे गं! बेरजेतलं प्रत्येक पद दोन तुकड्यांत फोडायचं, एक अधिक, एक वजा. याचा वजा तुकडा शेजारच्याच्या अधिकला खातो. पदं शंभर असोत की लाख, मधलं सगळं उडतं. उरतो पहिला अधिक आणि शेवटचा वजा. दुर्बिणीच्या नळ्या एकीत एक जातात, तशी बेरीज मिटते.

मोठ्या आजीशी तूच आधी बोल. ‘मीच का म्हणून’ म्हणशील, ठाऊक आहे.

तुझी चिमणी

१५ मार्च

चि. चिमणे, अनेक आशीर्वाद.

तुझी रीत करून पाहिली, बाई! जाऊबाईंनी माझ्या शिवणाला नावं ठेवली, मी त्यांच्या गाण्याला. उडालं. त्या माझ्या माहेरावर घसरल्या, मी त्यांच्या. तेही उडालं. उरलं काय? पहिलं म्हणजे, मी नवी आले, रडत होते, तेव्हा त्यांनी स्वतःची उशी मला दिली न् आपण हातावर डोकं टेकून झोपल्या. आणि शेवटचं वजा, आमच्या दोन खोल्यांमधलं बंद दार. ते कुणी आपटलं यावर अजून वाद आहे, म्हणून मीच उघडून आत गेले. त्यांनी वरसुद्धा न बघता विचारलं, उशी परत करायला आलीस का. मग एकाच पातेल्यात चहा केला. पाणचट झाला, यावर दोघींचं एकमत.

पेपर झाला की दुर्बीण लगेच धाड. गच्चीवरून पुलाच्या वळणापर्यंत रस्ता दिसतो म्हणतात, माझे डोळे फाटकापर्यंतच पुरतात. मिटून पाठव. त्यांची गाडी निघाली की मी उलगडेन.

लोभ आहे तो असू दे, तेवढा कशात उडवू नकोस.

तुझी आजी