शेततळ्यातला सुरुंग

जानेफळ

चि. भगवंत यास,

ताईचे आशीर्वाद. तुझा गुडघा आता चालू लागला असेल असे धरून लिहिते. नसेल तर संध्याकाळची भजी बंद कर, फिरणे बंद करू नकोस.

तुझ्या दाजींची तब्येत उत्तम आहे. (दोन भाकरी खातात.) फक्त दिवाळीपासून ते आपल्या शेततळ्यात पाणसुरुंग शोधत आहेत. समुद्र इथून किती लांब, हे तुला भूगोलात मीच शिकवले होते.

एकाहत्तरच्या लढाईत ते सुरुंग काढणाऱ्या लहान बोटीवर खलाशी होते, ठाऊक आहेच. बोट लाकडी, कारण लोखंड जवळ आले की काही सुरुंग फुटतात. मोठ्या जहाजांच्या पुढे जायचे, मागे तार ओढायची. तारेने सुरुंगाचा तळाशी बांधलेला दोर कापला की तो वर येतो, मग बंदुकीने फोडायचा. त्यातला एक वर आला आणि नेम धरेपर्यंत धुक्यात दिसेनासा झाला. तो पुन्हा सापडलाच नाही. मोठी जहाजे त्याच वाटेने सुखरूप गेली. बाकीच्यांनी पेढे वाटले. तुझे दाजी अजून त्याची वाट पाहत आहेत.

आमच्या रामची लेक प्रतीक्षा सुटीला आली की तळ्यात पोहते. ह्यांनी तिला पाण्याजवळ जायची बंदी केली. पोरीचे तोंड पाहवेना, म्हणून म्हटले, एकदा शोधून टाकू. एका काठावर ते, समोरच्या काठावर मी, मध्ये बुडवलेला दोर.

"पदराची पिन काढ," ते म्हणाले. "लोखंड समजते त्याले."

काढली. (पदर दातांत धरावा लागला, म्हणून उत्तर देता आले नाही. लग्नानंतर प्रथमच.) निम्म्यावर दोर अडकला. तळे गेल्या उन्हाळ्यात माझ्या डोळ्यांदेखत खोदले, तळाशी प्लास्टिकचा कागद. अडकायला काही नाही. मी ओढला, तर पलीकडे ह्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले. त्यांनी दोर केव्हाच सोडला होता. तरी तो ताठ होता, आणि हळूहळू माझ्या काठाकडे येत होता.

मी सोडून दिला. ओले बोट ओठाला लागले, ते खारट होते. घाम असावा.

रामला एवढेच सांगितले की दोर हातातून निसटला. तो म्हणाला, "तळं उपसून टाकू. काहीच नाही निघालं, त बाबाले अकोल्याले नेऊन दवाखान्यात भरती करतो."

तुझी,
सुचिताताई

ता. क. : रविवारी उपसायचे ठरले आहे. पंप घेऊन ये.

ता. क. : नवा नको. मधेच बंद पडतो तो जुना आण, आणि दुरुस्तीची घाई करू नकोस. काही निघाले नाही, तर हे घरात राहणार नाहीत. आणि निघाले, तर पंपाशी तूच उभा असशील.