उत्तर ठाऊक असलेला प्रश्न

सोमवार, ता. २८ नोव्हेंबर १९५५. पासली.

स्वस्ति श्री. अखिल-खडूधूलि-धूसरित, घंटानाद-धुरंधर, त्रिपाद-खुर्ची-सिंहासनाधिष्ठित, अजा-महिषी-शालाप्रवेश-निवारक, चतुर्वर्ग-एकमुख-अध्यापक, श्रीमंत राजमान्य राजश्री गोविंदपंत गुरुजी, राजधानी पासली, प्रांत वेल्हे, यांच्या खासगी दफ्तराचा हा शुभारंभ. संस्थान विलीन झाले तेव्हा कित्येक बिरुदे बेवारस पडली. कोणी उचलीना, आम्ही उचलली.

आजची वार्ता. वेल्ह्याकडून येणाऱ्या नव्या रस्त्यावर दगडफोडे वडार आले आहेत. ओढ्याकाठी नऊ पाले. सकाळी त्यांतील एक वृद्धा, नाव तायम्मा, एका मुलीचा दंड धरून शाळेत अवतरली. मागोमाग आणखी सहा बालके. मुलगी तिची नात, येल्ली. वय दहाच्या आसपास.

"हिला पैलीत बशिव, गुरुजी. पाच गावांत पाच डाव बिगरीच केली हिनं. काम सरतंय, पाल हलतंय, नव्या गावचा मास्तर पुन्यांदा बिगरीत बशिवतोय. आता लगीन बी बिगरीतच व्हईल हिचं."

ही बाई सर्वांस एकेरी संबोधते. देवासही तसेच म्हणत असणार. मग आमचा अपमान तो काय!

यथाविधि चाचणी घेतली. खडू दाखवून, "हे काय?" मौन. पाटी दाखवून, "हे काय?" मौन. घंटा दाखवून, वाजवून. मौन. पाहते मात्र टक लावून, जणू परीक्षा आमचीच चालली आहे.

बिगरीत, म्हणजे पहिलीच्याही अलीकडच्या वर्गात, नाव घातले. सहावे गाव. मुकादम म्हणतो, खडी पुरी झाली की, संक्रांतीनंतर, मुक्काम हलणार.

शुक्रवार, ता. २ डिसेंबर.

येल्ली रोज येते. बोलत नाही.

आज सहज गणना केली. या अडीच खणांत गावची मुले एक मराठी बोलतात, वरच्या वाड्यावरची मेंढ्यावाल्यांची मुले दुसरी, घाटाखालून मामाकडे राहायला आलेला भिकू तिसरी. वडारांची मुले आपसांत जे बोलतात ते आमच्या आकलनापलीकडे. पुस्तकात पाचवीच भाषा आहे; ती कोणाच्याही घरी बोलत नाहीत. तूर्त ती एकटे आम्ही बोलतो आणि आम्हांस कोणी उत्तर देत नाही.

आश्चर्य असे, की नेमक्या याच विषयावर शिक्षकांसाठी भोरास तीन दिवसांचा उजळणी वर्ग आहे. परिपत्रकात विषय : "भिन्नभाषिक बालकांचे अध्यापन". वृत्ती उल्हसित झाली. एकवीस वर्षे शिकवितो आहे. आपणांस कोणी शिकवावे ही वासना अद्याप शिल्लक आहे, हे पाहून स्वतःचेच कौतुक वाटले.

मंगळवार, ता. ६ डिसेंबर. भोर.

वेल्ह्यापर्यंत पायी, पुढे यष्टी. पायी प्रवास अधिक सुखाचा झाला.

व्याख्याते पुण्याहून आलेले. विद्वान, मृदुभाषी, कोट इस्त्रीचा. पद्धती सांगितली : वस्तू दाखवावी, "हे काय आहे?" असे स्पष्ट स्वरात विचारावे.

आम्ही उठलो. "बालक मौन राहिल्यास?"

"पुन्हा विचारावे."

"तरीही राहिल्यास?"

"धीर न सोडता पुन्हा."

"सातव्या खेपेस?"

व्याख्याते चष्मा काढून म्हणाले, "आपण कोठून आलात?"

आम्ही पासली म्हणालो. त्यांनी वहीत काहीतरी लिहिले.

मागल्या बाकावर शिवऱ्याचे सदोबा गुरुजी (पुढे स. गु.). हमरस्त्यावर शाळा असल्याने त्यांच्याकडेही अशी पाले उतरतात, उठतात. ते कानाशी लागून म्हणाले, "गोविंदराव, तुमी लई इचारलं आन् एक बी उत्तर मिळालं न्हाई. आता तुमचंच नाव बिगरीत घाला."

सायंकाळी दोघे नदीकडे गेलो. स. गु. म्हणाले, "त्या लोकांची भाषा आपन शिकायची म्हनलं तर शिकवनार कोन?" प्रश्न उत्तम. उत्तर ओढ्याकाठी पालात बसलेले आहे.

रविवार, ता. ११ डिसेंबर. पासली.

स. गु. काल सायंकाळच्या गाडीने वेल्ह्यास उतरून चालत आले. घरच्या मंडळींनी त्यांना दोन वेळा वाढले आणि "शिकायला आलात म्हणे, या वयात?" असे एकदा विचारले.

आज खडीच्या ढिगापाशी आमचा गुरुगृहप्रवेश. आचार्या तायम्मा. दक्षिणा काय, असे नम्रपणे विचारले.

"ढीग. सांजच्याला मुकादम मोजतोय. हात चालिव, मग तोंड चालिव. बसून शिकाय मला येळ न्हाई."

दोन सुतक्या, म्हणजे दगडफोडीचे हातोडे, पुढ्यात आल्या. प्राचीन काळी शिष्य समिधा आणीत. आम्ही दगड फोडतो. सूर्य डोक्यावर येईतो शब्द मिळाले बारा. "रा" म्हणजे ये. "एत्तु" म्हणजे उचल. "कोट्टु" म्हणजे हाण. उच्चार चुकला की तायम्मा सुधारीत नाही, नुसती पाहते. हातोडा चुकला की मात्र लगेच, "बोट जाईल, गुरुजी!"

स. गु. घाम पुसत म्हणाले, "बारा शब्दांना बारा फोड. ह्यो दर म्हागात पडतोय, गोविंदराव."

येल्ली शेजारीच खडी फोडीत होती. तिचा ढीग आमच्या दोघांच्या ढिगांच्या दुप्पट. तिने तो न बोलता आमच्याकडे सारून दिला.

सोमवार, ता. १२ डिसेंबर.

नवसंपादित विद्येचा विनियोग. प्रार्थना होताच वडार बालकांकडे वळून, पाट्या उचला या अर्थाने, गंभीर स्वरात "एत्तु!" म्हणालो.

सातही जणांनी दप्तरे टाकली, उठले आणि दाराशी रांगेत उभे राहिले. सर्वांत धाकटा कोपऱ्यातील केराची टोपली डोक्यावर घेऊन सिद्ध. गावची मुले पोट धरधरून हसली. येल्लीही हसली. प्रथमच.

हसून झाल्यावर ध्यानात आले ते नीटसे नाही. आमचे बाराच्या बारा शब्द आज्ञार्थी आहेत. कामावर जे मोठ्याने बोलले जाते तेच आम्ही टिपले. ती मुले गुरुजींचे ऐकून उठली नाहीत. त्यांनी मुकादम ऐकला.

एकवीस वर्षे "उभा राहा, पाटी काढ, बोल" हे मराठीत म्हणत आलो, त्या वेळी मुलांनी कोण ऐकला असेल?

रविवार, ता. १८ डिसेंबर.

स. गु. पुन्हा आले. हातांना चिंध्या बांधून आले, यावरून जिज्ञासेचे मान समजावे.

तायम्मास म्हटले, आज आज्ञा नकोत. "हे काय आहे?" हे तुमच्या बोलीत कसे विचारतात तेवढे सांग. म्हणजे येल्लीस तिच्याच भाषेत विचारता येईल.

तिने माझ्या हातातला खडू घेऊन उलटसुलट पाहिला.

"ह्ये काय हाय त्ये तुला ठावं न्हाई व्हय?"

"ठाऊक आहे."

"मग पोरीला कशाला इचारतोस?"

अध्यापनशास्त्रातील सर्व पारिभाषिक शब्द जिभेपर्यंत आले आणि परत गेले.

ती दगड फिरवून शीर पाहत म्हणाली, "आमच्यात ठावं नसंल त्यो इचारतोय. ठावं असून इचारतोय त्यो फौजदार. कुठनं आला, नाव काय, पालात काय हाय. समदं ठावं असतंय त्याला. तवा पोरं गप ऱ्हात्यात. म्याच सांगितलंय, गप ऱ्हावा म्हनून."

स. गु. यांचा हातोडा वरच थांबला. "आरं तिच्या! गोविंदराव, आपन वीस वर्सं फौजदारीच केली की."

मी विचारले (हे मात्र खरोखर ठाऊक नव्हते), "मग येल्लीला दगड फोडायला शिकवलेस कसे?"

"म्या कुठं शिकिवलं? म्होरं बसायची. बघायची. येक दिशी सुतकी घेतली. दगड फुटला म्हंजी आलं, न्हाई फुटला म्हंजी न्हाई आलं. त्यात इचारायचं काय?"

मंगळवार, ता. २० डिसेंबर.

व्रत : सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, ज्याचे उत्तर ठाऊक आहे असे काहीही विचारणार नाही. कोणत्याही एकादशीपेक्षा कठीण. पहिल्याच तासाला जीभ इतक्यांदा चावली, की मुलांना वाटले गुरुजींचा दात दुखतो. बिगरीतल्या धाकट्या ठकीने तर घरून लवंग आणून दिली.

ठाऊक नसलेल्या गोष्टी शोधू लागलो तर त्यांना अंत नाही. वाड्यावरच्या मुलास विचारले, धुक्यात मेंढरे परत कशी गोळा करता. तो अर्धा तास बोलला. हा मुलगा मुका आहे, असा माझा दोन वर्षे समज होता.

दुपारी येल्लीस विचारले, "वारा सुटला की पाल उडून कसे जात नाही?"

ती बोलली. मराठीत! एक शब्द माणदेशचा, एक नगरकडचा, हेल बारामतीचा, पण सारे कसे स्वच्छ, सरळ. मग शब्द अपुरे वाटले म्हणून पाटी ओढून पालाचे चित्र काढले आणि खाली लिहिले, "खुटी". अक्षर वळणदार. म्हटले, आणखी काय येते ते मला माहीत नाही. तिने सगळी मुळाक्षरे लिहिली, बाराखडी लिहिली. पाच गुरुजींकडे पाच वेळा तेच शिकल्याने तिची अक्षरेही पाच हातांची झाली आहेत. "क" कोणा ताठ माणसाचा, "ल" कोणा आळशाचा. त्या सर्वांनी तिला बिगरीतच ठेवले. सहावा मी.

बुधवार, ता. ४ जानेवारी १९५६.

येल्लीस पहिलीत घालण्याचा अर्ज केला होता. उत्तर आले : वर्षाच्या मध्यावर वर्ग बदलण्याचा अधिकार फक्त दिपोटीसाहेबांस, ते ता. १२ रोजी शाळातपासणीस येतील व मुलीची तोंडी परीक्षा घेतील.

तोंडी परीक्षा म्हणजे काय, ते मला आता ठाऊक आहे.

तायम्मास म्हणालो, एवढ्या एका दिवसापुरते येल्लीस सांग की साहेबांना उत्तर दे. ती खडीचा ढीग सारखा करीत म्हणाली, "येकदा बोलाय लागली का पुढं फौजदाराम्होरं गप कशी ऱ्हाईल?"

आम्ही बिरुदावली गुंडाळून घरी परतलो.

गुरुवार, ता. १२ जानेवारी.

सविस्तर लिहितो.

दिपोटीसाहेब चढ चढून आले. मुद्रा आरक्त, बूट धुळीने पांढरे. पाणी घेतले, पटावरून नजर फिरवली, येल्लीस पुढे बोलावले. मनगटावरचे घड्याळ दाखवून गोड आवाजात, "बाळ, हे काय?"

मौन.

"हे काय बरे?"

मौन. तिने माझ्याकडे पाहिले. मी छपराकडे पाहिले.

तिसऱ्यांदा विचारून त्यांनी टाक उचलला. मी पुढे झालो. "साहेब, एक विनंती. आपणांस ठाऊक नसलेले काही विचारावे."

"मला काय ठाऊक नाही, गुरुजी?"

"ती यादी आम्ही करणे हा औचित्यभंग होईल."

साहेबांनी टाक खाली ठेवला, दारातून खाली रस्त्याकडे पाहिले, बुटांकडे पाहिले, आणि त्यांच्या तोंडून वैतागाने पण अगदी खरा असा प्रश्न निघाला, "हा रस्ता पुरा व्हायचा तरी कधी?"

येल्ली म्हणाली, "व्हळीला."

"होळीला? मला तर पुढच्या महिन्यात म्हणून सांगितलंय."

"खालच्या वळनाला कातळ हाय. सुतकीनं फुटत न्हाई, सुरुंग लागतोय. सुरुंग अजून आला न्हाई." मग पाटी घेतली. वळण काढले, कातळ काढला, अलीकडे खडीचे ढीग काढले, प्रत्येकाखाली आकडा. साहेब उकिडवे बसले. मग पार मांडी घालून. तपासणी विसरून त्यांनी पाऊण घटका विचारले आणि तिने सांगितले. चुकले तिथे तिने साहेबांना दुरुस्त केले.

उठताना कोष्टक हाती घेऊन म्हणाले, "पण गुरुजी, यात छापले आहे, 'दाखविलेली वस्तू ओळखली काय?' इथे काय लिहू?"

आम्ही मौन.

त्यांनी तो रकाना कोरा ठेवला. "तुमच्या अभिप्रायाचा दाखला लिहून द्या. वरचा हुकूम यथावकाश कळवतो."

"मुक्काम सोमवारी हलतो, साहेब."

"यथावकाश," ते पुन्हा म्हणाले. पण जाताना येल्लीची पाटी मागून घेऊन, रस्त्याची आकृती आपल्या वहीत उतरून घेतली.

सोमवार, ता. १६ जानेवारी.

हुकूम आला नाही. पाले उठली. पुढचे काम कोठे, ते मुकादमासही नक्की माहीत नाही. कोणी फलटणकडे म्हणते.

आज पहाटे उठून दाखला लिहिला. "कु. येल्ली हिजला लेखन, वाचन व शंभरापर्यंत अंक अवगत असून ती इयत्ता पहिलीत बसविण्यास सर्वथा पात्र आहे." खाली थोडी जागा उरली, तीत अज्ञात सातव्या गुरुजींसाठी : "आपणांस जे ठाऊक नाही तेच हिला विचारावे, ही हात जोडून विनंती." बिरुदे लिहिली नाहीत. गोविंद, शिक्षक, पासली, एवढेच.

तायम्माने कागद चंचीत घातला. "ह्यो घिऊन पैलीत बशिवत्याल?"

"ठाऊक नाही," मी म्हणालो.

"ठावं न्हाई म्हनलास. बरं वाटलं."

येल्ली गाढवाच्या पाठीवरचे ओझे आवळीत होती. मान वर न करता म्हणाली, "गुरुजी, तुमाला खडी फोडाय आली का वो?"

खरोखर माहीत नसल्याने विचारीत होती. मी तळहात पाहून सांगितले, "नाही आली."

"बघत बसाय पायजे हुतं," ती म्हणाली, आणि गेली.

बुधवार, ता. १८ जानेवारी.

भोराहून परिपत्रक : उजळणी वर्गातील पद्धतीचा कितपत उपयोग झाला, ते कळवावे. कळवणार आहे, सविस्तर. स. गु. यांचेही पत्र आले. त्यांनी वर्गात व्रत धरले असून शिवऱ्याची मुले त्यांना आता दिवसभर बोलूच देत नाहीत.

इतर क्षेम. फक्त यंदा वरून जी शाईची पूड आली आहे ती अत्यंत निकृष्ट आहे. कितीही ढवळा, तळाला चिखल राहतो. अक्षर आज निळे दिसते, आठवड्यात राखाडी होते आणि महिनाभरात कागद कोरा. नोव्हेंबरचा हजेरीपट आज उघडला तर एकही नाव वाचवेना. दाखलाही याच शाईचा. तक्रारीचे तीन अर्ज वर धाडले आहेत. तेही याच शाईने.