आजीच्या समोरची भिंत

सुलतान बाजार, हैदराबाद
१२ जानेवारी २०२५

चि. तेजश्रीस, आजोबांचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून पत्र. मी गेल्यावर भिंतीवर लावायला तू काढलेला फोटो पोचला. अगं, काय हे! कवळी काढलेली, तोंड उघडं, वर बनियन! कोट-फेटा घालून मी तासभर खुर्चीत बसलो, ते तुझ्या कॅमेऱ्याला दिसलंच नाही का? जन्मभर स्टुडिओ चालवला मी. हनुवटी उचलून, खांदा वळवून माणूस नीट बसवायचा, मग बटण दाबायचं. असला फोटो नक्को बाई! लोक हार घालतील की हसतील? पुन्हा काढ.

तुझे, अजून तरी हार न पडलेले,
आजोबा

कुकटपल्ली
२० जानेवारी

ती. आजोबांस, शि. सा. नमस्कार.

कोटातले फोटोही काढले की! सगळ्यांत तुम्ही पोलीस ठाण्यात बसवल्यासारखे दिसता. मग कोट उतरवून, कवळी वाटीत टाकून तुम्ही शेजारच्या हणमंतरावांची नक्कल केलीत, तेव्हा कुठे माझे आजोबा दिसले. जे होतं तेच मी टिपलं. तुमचं काम म्हणजे नुसती मांडामांड! भिंतीवरची आजीच बघा. ती माझ्या जन्माआधी गेली, मला तेवढा फोटोच माहीत. त्याला घाबरून मी त्या खोलीत एकटी जात नसे. अजून वाटतं, मी तिला आवडले नसते. इतकी कडक तुम्हीच बसवलीत ना तिला?

लोभ चढता ठेवा, आवाज उतरता.
तेजश्री

सुलतान बाजार
२७ जानेवारी

चि. तेजश्रीस, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग डोळे भरून आले. कडक? तुझी आजी? अगं, भाजीवाल्याशी भांडतानाही तिला हसू आवरत नसे. त्या दिवशी मी सारखा म्हणत होतो, थोडी हस. ती म्हणाली, फोटोत दात दाखवणं बाईमाणसाला शोभत नाही. ओठ मिटून, श्वास धरून बसली. मी बटण दाबलं आणि ही पदर तोंडाला लावून फिस्सकन हसली. नेमका रोल संपला होता. म्हणजे मी टिपलंही नाही आणि मांडलंही नाही, सगळी मांडामांड तिचीच! आणि तू आवडली नसतीस? वेडी कुठली! तुला मांडीवरून खाली ठेवलं नसतं तिनं.

आता दुसरा फोटो काढू नकोस. बनियनवालाच मोठा करून आण. तिच्या शेजारी नको, बरोबर समोरच्या भिंतीला लाव. मी असा बोळकं उघडून समोर हसत असलो, की बघतोच ती किती दिवस ओठ मिटून बसते.

माया आहेच, भेटायला येऊन ती वाढव.
तुझे बिनदातांचे आजोबा