बॉयलर आता बंद पडत नाही

३ मार्च
झोपच उडाली. कारखान्यातल्या बॉयलरच्या कंट्रोलरमध्ये — तो चालवणाऱ्या संगणकात — भगदाड आहे, तपासणी करताना मलाच सापडलं. ऑपरेटरचं साधं लॉगिन — फक्त आकडे बघण्यापुरतं — त्यातून एक आडवाट काढली की माणूस थेट मशीनचा मालक. मग प्रेशरची मर्यादाही त्याच्याच हातात. वरचा सुरक्षा व्हॉल्व्ह जुनाट, त्याच्या भरवशावर कोण राहणार. घरी बोलले नाही. धाकटा भाऊ त्याच बॉयलरवर आहे, आई हाय खाईल.

५ मार्च
साहेबांना सांगितलं. "बाहेरून कोणी घुसू शकतं का?" नाही, आधी आत लॉगिन लागतं. "मग झालं तर. आत सगळी आपलीच माणसं." आपलीच माणसं! तिन्ही पाळ्यांना लॉगिन एकच, पासवर्ड पॅनेलवर चिकटवलेला. पालथ्या घड्यावर पाणी.

६ मार्च
कंट्रोलर बनवणाऱ्यांचं उत्तर आलं. भगदाड बुजवणारं अपडेट तयार आहे, पण ते टाकायला बॉयलर थांबवावा लागेल. साहेब म्हणाले, "थांबवायचा? मग ऑर्डर कोण पुरी करणार, तुम्ही?"

१० मार्च
शेवटी करूनच दाखवलं. कंट्रोल रूममध्ये, साहेबांसमोर. ऑपरेटरच्या लॉगिनने आत शिरले, मर्यादा वाढवली, परत खाली आणली. मागे पाळी बदलत होती, ये-जा चालूच. आमच्याकडे कंट्रोल रूममधून कोणी कोणाला बाहेर जा म्हणत नाही. साहेब एवढंच म्हणाले, "वर्षअखेरीस बघू."

११ मार्च
हरले.

१४ मार्च
जेवताना धाकटा कुरकुरत होता. बॉयलर सारखा ट्रिप होतो — प्रेशर मर्यादेच्या जरा वर चढलं की आपोआप बंद — आणि परत पेटेपर्यंत सुपरवायझरची बोलणी यालाच. "जीव नकोसा केलाय, ताई." म्हटलं, "तो बंद पडतो म्हणून तू घरी येतोस, गाढवा." तो हसला. मला हसू आलं नाही.

२१ मार्च
आठवडाभर बॉयलर एकदाही बंद पडला नाही. साहेबांनी सगळ्यांदेखत सुनावलं, "बघा, उगाच बाऊ करत होतात." मशीन असं आपलं आपण सुधारत नसतं. दुपारी मर्यादा बघितली. वाढवलेली! खाली आणून ठेवली. नोंद ऑपरेटरच्या लॉगिनची, म्हणजे कोणाचीही.

२२ मार्च
सकाळी पुन्हा वाढवलेली. घरी येऊन धाकट्याला विचारलं, कोण करतंय हे? "मीच. तू साहेबांना दाखवत होतीस तेव्हा मागेच उभा होतो. आता तिन्ही पाळ्यांना येतं." ओरडले, रडले, हात धरला. "काही होत नाही, ताई," म्हणाला आणि बूट घालून पाळीवर गेला.