फेऱ्यात मागं बघायचं नसतं

१६ डिसेंबर, मंगळवार

…अंगण झाडून झालं होतं. दोन घागरी भरल्या, म्हशीला पेंड ठेवली आणि दळणाची ज्वारी सुपात घेऊन बसले. तेवढ्यात ह्यांचा फोन, घरामागच्या शेतातून. "बाहेर ये, वर बघ." मी म्हणाले, मला कामं हायत. आणि पाखडत राहिले. एप्रिलमधली सकाळ. चौथ्या दिवशी हे गेले. जेवता जेवता.

आज सूप हातात घेतलं आणि आठवलं, म्हणून लिहिलं.

ह्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, यंत्रांचं वेड. ड्रोन हौसेनं आणला, तीनदाच उडवला. तिसऱ्यांदा त्या सकाळी. त्या वेळचा व्हिडिओ ड्रोनच्या कार्डात आहे, चार मिनिटांचा, रिमोटच्या पडद्यावर बघते मी. वरून शेत, बांध, आणि मधोमध हे. घराकडे तोंड करून हात हलवतात, ये ये म्हणून. शेवटपर्यंत हलवतात.

आता ड्रोन मी शिकते आहे. पुस्तिका इंग्रजी. शब्दकोश घेऊन दोन महिने लागले. मराठी अक्षरं मी लग्नानंतर पुड्यांच्या कागदांवरून शिकले, त्याला चार वर्षं गेली होती. त्या मानानं हे लवकर झालं.

१८ डिसेंबर, गुरुवार

शेतात कडब्याची कोप उभी केली. उद्या वेळअमावस्या, रान पुजायचं, आंबील शिंपडत शेताचा फेरा घालायचा. भज्जीच्या शेंगा, हरभरे निवडून ठेवले. आंबील आंबत घातली.

नांदेडहून रेखाचा फोन. लेकीला सुट्टी नाही, दवाखान्यात ड्युटी. "आई, बाबांचा व्हिडिओ अजून त्या कार्डातच हाय? दुसरीकडं घे म्हणलं होतं ना." म्हणाले, तू आलीस की घे. नखाएवढं कार्ड, काढायला गेले आणि हरवलं तर? तिनं तो अजून पाहिलेला नाही.

तिला शेताचा फेरा वरून बघायचा आहे. ड्रोनला एक सोय आहे, रिमोट ज्याच्याजवळ असेल त्याच्या मागं मागं येतो. ती लावायची.

१९ डिसेंबर, शुक्रवार. वेळअमावस्या



दरवर्षी आंबिलीचं मडकं घेऊन हे पुढं, मी मागं. यंदा मडकं मी घेतलं. बांधापलीकडे ह्यांच्या थोरल्या भावाचं शेत. माधवभाऊजी. त्यांच्या कोपीजवळून अक्का, माझी जाऊ, कुणाला तरी म्हणाली, "आता बाईमाणूस फेरा घालाय लागली." मी ऐकलं, न ऐकल्यासारखं केलं. उन्हाळ्यात भाऊजींनी बांध आमच्या अंगावर सरकवला, नांगराची चार तासं रान गिळलं. हद्दीचा दगड उपटला. तेव्हापासून बोलणं नाही.

रिमोट कमरेला बांधला. ड्रोन डोक्यामागं वर. लिंबाच्या डहाळीनं आंबील शिंपडत, ओलगे ओलगे म्हणत निघाले. फेरा धरला की थांबायचं नाही, मागं बघायचं नाही. मागं बघितलं तर पीक मागं फिरतं.

बांधावर बाभूळ आहे. मी खालून गेले. ड्रोन मात्र तिच्या फांदीएवढ्याच उंचीवर, हे ध्यानात आलं नाही. गुणगुण चालली होती तिची एकदम कचकच झाली, मग काहीच नाही. मला कळलं. कोप अजून पन्नासेक पावलं होती. मान आपोआप वळत होती. वळू दिली नाही.

मडकं कोपीतल्या पांडवांपुढं, पुजलेल्या पाच दगडांपुढं ठेवलं आणि मगच वळले. भाऊजी त्यांच्या तुरीत वाकलेले. उठले तेव्हा हातात ड्रोन होता.

आजच्या दिवशी वैरी कोपीवर आला तरी जेवू घातल्याशिवाय सोडत नाहीत. तेव्हाच जायला हवं होतं. रस्त्यानं जाणारे दोन परके आमच्याकडं जेवून गेले. मी वाढत राहिले. पलीकडं गेले नाही. ताठा.

२० डिसेंबर, शनिवार

आज गेले. भाऊजी ओसरीवर. सात महिन्यांत पहिलं बोलणं.

"मोजणीवाल्याला दाखवायला फोटो काढायलीस का?"

मी म्हणाले, फेऱ्याचे काढत होते, लेकीसाठी. ड्रोन मोडला तर मोडू द्या, त्यातलं कार्ड तेवढं द्या. ह्यांचा व्हिडिओ आहे त्यात.

भाऊजी उठून उभे राहिले. मग विचारलं, "कवाचा?"

"एप्रिलचा."

ते आत निघून गेले. अर्ध्या रस्त्यात माझ्या ध्यानात आलं. एप्रिलमध्ये बांध जागेवर होता. दगडाला ह्यांनीच पाडव्याला चुना लावला होता, वरून पांढराशुभ्र दिसतो. मी ह्यांच्याकडं बघायची, दगडाकडं कशाला बघेन. आणि आपल्याच तोंडानं सांगून आले.

२१ डिसेंबर, रविवार

अक्का आली. चहा घेतला नाही. सोबत कागद. बांध आहे तिथंच खरा, पुढं तक्रार नाही, खाली माझ्या सहीला जागा. सही दिली की कार्ड मिळेल. नाहीतर चुलीत घालणार.

"कार्डातलं पुसून टाकलं का त्यांनी?" मी विचारलं.

"पुसतेत कशाचं. त्यांच्या फोनमधी घालायला जागाच न्हाई. उलटंपालटं करून बघितलं काल सांजपर्यंत. मग बंडीच्या खिशात ठिवलं. रात्री बंडी काढली न्हाई." जाता जाता म्हणाली, "मला यात वढू नको बाई."

बंडी धुवायला पडली तर? पाण्यात गेलं तर?

२२ डिसेंबर, सोमवार

रेखाला सगळं सांगितलं. आधी रडली. मग म्हणाली, "देऊन टाक आई चार तासं. मला बाबा बघायचेत." फोन ठेवला. दहा मिनिटांनी पुन्हा तिचाच. "नको देऊ. त्या बांधासाठी बाबा किती कष्टले."

म्हणाले, रान तुझंही आहे, तू सांग.

"तूच ठरव. तूच बघितलंस त्यांला."

तिच्याकडं कार्ड फोनला जोडायची एक डबी आहे. ती उद्याच्या गाडीनं पाठव म्हणाले. तिनं विचारलं, कार्डच नाही तर डबी कशाला? मी म्हणाले, तू पाठव तर खरी.

कागद कणगीवर ठेवलाय. चारदा वाचला. एका जागी ह्यांचं नाव आहे, त्याच्या आधी 'कै.' असं लिहिलंय. भाऊजींच्या हातचं अक्षर. ते दोनदा खोडून पुन्हा लिहिलंय.

२३ डिसेंबर, मंगळवार

अहमदपूरच्या स्टँडवर जाऊन डबी आणली. रेखाच्या सोबतच्या सिस्टर लातूरला निघाल्या होत्या, त्यांनी खिडकीतून दिली. सुपारीएवढी. गाडीत मुठीत धरून बसले.

दोन वाटा आहेत. सही केली तर हे मिळतात, ह्यांचं रान जातं. नाही केली तर रानासाठी भांडायला पुरावा नाही आणि हेही नाहीत. दोन्हीकडून विचार केला. दोन्हीकडं मीच एकटी.

एक गोष्ट सारखी येते मनात. ह्यांना लहानपणी खांद्यावर बसवून ओढा पार करून शाळेत नेणारे भाऊजीच. हे नेहमी सांगायचे. एप्रिलमध्ये तिरडीला पहिला खांदा त्यांचा होता. त्यानंतर महिन्यात बांध सरकला. माणूस असं कसं करतो, मला अजून कळलेलं नाही.

२४ डिसेंबर, बुधवार

अंगण झाडलं. पाणी भरलं. म्हशीला पेंड ठेवली. कागद घेतला, डबी घेतली, फोन चार्ज करून घेतला.

भाऊजी ओसरीवर. कागद त्यांच्यापुढं ठेवला, सही न केलेला. ते काही बोलायच्या आत डबी फोनला जोडली आणि हात पुढं केला. "कार्ड यात घाला. तुमच्याच हातानं. आधी बघा. मग पुसायचं असेल तर पुसायचं बटण हे."

त्यांनी डबी बघितली. मग बंडीच्या खिशात हात घातला. बोटं जाड, कार्ड दोनदा निसटलं. मी मदत केली नाही. फोन घेऊन ते आतल्या खोलीत गेले, दार लोटलं.

अंगणात अक्का तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं सरकून जागा केली. मी बसले, सोलू लागले. 

व्हिडिओ चार मिनिटांचा. सूपभर शेंगा सोलून झाल्या. दार लोटलेलंच, फटीतून फोनचा उजेड भिंतीवर हलत होता. अक्कानं दुसरं सूप ओढलं. मी त्यातल्याही सोलल्या.