छप्पर मी निवडणार

१ नोव्हेंबर १९९३, सोमवार. सकाळी.
नवीन वही. नवा निर्णय. भूकंपाच्या त्या पहाटेपासून या भाड्याच्या घरात माळवदाखाली कुणी धड झोपत नाही. वरून चिमूटभर माती झडली की शैलजा, म्हणजे सूनबाई, पल्लवीला उचलून अंगणात. तेव्हा ठरलं. हे घर सोडायचं. परभणीच्या गर्दीबाहेर, चांगल्या वस्तीत, सगळ्यांनी एका छपराखाली राहायचं, आणि छप्पर मी निवडणार. काल रात्री जेवताना जाहीर केलं. गुरुनाथ म्हणाला, आई, तू म्हणशील तसं. शैलजा काही म्हणाली नाही, अर्थात पटलं. हे म्हणाले, बरं. लग्न झाल्यापासून हे ‘बरं’च म्हणतायत.

शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून जिल्हाभरच्या शाळा तपासल्या. गाव तपासायला असा किती वेळ लागतो? नाताळच्या आत नव्या घरात.

७ नोव्हेंबर, रविवार.
पाथरी. एसटीत उभ्यानं. घर पाहिलं, ऐसपैस. घरमालकीण सुलाबाई. नळ कुठंय, संडास कुठंय हे मी विचारण्याआधी तिनंच मला विचारलं, तुमी कोणच्यातले? मी ताठ उत्तर दिलं, मी सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटची. ती म्हणाली, असंल माय, पन लगीन कोणच्यात झालं?

संताप. त्र्याण्णव साल चाललंय! आमच्या बसवण्णांनी आठशे वर्षांपूर्वीच जात मोडून टाकली. त्यामुळे मला वेगळी मोडावी लागत नाही. शेरा : गाव मागासलेलं. परतीच्या गाडीत शेजारी कोण बसलंय ते बघून जागा बदलली. ऊन येत होतं.

२१ नोव्हेंबर, रविवार.
दिवाळीच्या फराळामुळे मोहीम लांबली. दोष माझा नाही, शैलजाच्या चकल्यांचा.

आज पेडगाव. शुद्ध हवा, ताजं दूध, आणि रेल्वे असल्यामुळे गुरुनाथला ऑफिसला जायची सोय. पॅसेंजर इतकी उशिरा आली की शुद्ध हवा फलाटावरच पोटभर मिळाली. लिंबाजी नावाचे एक म्हातारे जागा दाखवायला आले. दाखवलीच नाही. म्हणाले, बाईसाहेब, आमचीच पोरं परभणीला ऱ्हायला जायलीत, अन तुमी तिकडून इकडं? घरी भांडून आल्या का?

खेड्यातल्या लोकांना दूरदृष्टी नसते. शेरा : सुधारणेस वाव. गुरुनाथला सांगितलं तर म्हणाला, आई, माझं ऑफिस परभणीत आहे एवढं फक्त लक्षात ठेव. दूरदृष्टी त्यालाही नाही.

२८ नोव्हेंबर, रविवार.
चारठाणा. यांना बरोबर घेतलं. मुलांवर संस्कार वास्तूचे होतात, आणि चारठाण्याइतकी जुनी देवळं आणखी कुठं आहेत? पल्लवी त्या खांबांच्या सावलीत अभ्यास करते आहे असं चित्र डोळ्यांपुढे आलं. खांबाच्या सावलीत शेळ्या होत्या. मी यांना शिल्प समजावून सांगत असताना यांनी वाटेनं जाणाऱ्या बाईला विचारलं, इथं दवाखाना कुठंय? ती म्हणाली, जिंतूरला. एसटी मिळाली तर.

यांना सौंदर्यदृष्टी नाही. गुडघे आहेत. शेरा : कला उत्तम, सोय शून्य.

५ डिसेंबर, रविवार. दुपारी.
सापडलं! सापडलं! माणिकराव दलालांनी वसमत रोडची एक कॉलनी दाखवली. जुळा बंगला. अर्ध्यात मालक राहतात, उरलेला अर्धा विकायचाय. मधली भिंत सामाईक. सिमेंटचा पक्का स्लॅब, मागं पेरू, कोपऱ्यावर शाळा. दारावर पाटी, के. डी. गायकवाड, एम.एस्सी. अ‍ॅग्री. बडोद्याचे गायकवाडच आठवले. घराणं भिंतींवरून कळतं. दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती. केवढी अभिरुची! आमच्या ओळखीत कुणाकडे आहे अशी? साहेब दोन दिवसांसाठी मुंबईला गेलेत म्हणाल्या बाई. दरवर्षी या दिवसांत जातात. घराण्याची काही कामं असणार. बाईंनी लिंबाचं सरबत दिलं, नाजूक काचेच्या ग्लासात. मी मागून दुसरा घेतला.

शेरा : सर्वोत्कृष्ट. शैलजासुद्धा हसली. गुरुनाथनं मालकांना पुढच्या रविवारी चहाला बोलावण्याचा निरोप ठेवला.

११ डिसेंबर, शनिवार.
कडूबाई भांडी घासता घासता म्हणाली, बाई, वसमत रोडचं घर घ्यायलाव म्हनं? किसनचं? माझा मावसभाऊच की तो! लय शिकला. लहानपनी एका ताटात जेवलोत आमी.

राख तशीच हातात घेऊन हसत होती. मी म्हटलं, अरे वा. दुसरं काय म्हणणार?

एक गोष्ट इथं स्पष्ट लिहून ठेवते. मी जात मानत नाही. कडूबाईचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असतो तो निव्वळ हायजीनसाठी. सिस्टर अ‍ॅग्नेस हायजीनच्या बाबतीत फार कडक होत्या. तरी सामाईक भिंतीचा विचार करायला हवा. बांधकामाच्या दृष्टीनं म्हणते मी.

सरबत गेल्या रविवारी प्यायले होते. पोट आज बिघडलं. पाण्याचा दोष असणार.

१२ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी.
गायकवाड वेळेवर आले. शर्ट इस्त्रीचा. यांच्याशी कापसाच्या बोंडअळीवर बोलत बसले आणि हे चक्क पूर्ण वाक्यांत बोलले. शैलजानं पाहुण्यांचा कपबश्यांचा सेट काढला. मी पल्लवीला हळूच इंग्रजीत सांगितलं, नॉट दॅट वन फॉर अंकल, डार्लिंग. दि अदर वन, फ्रॉम दि विंडो. इंग्रजीचा हा मोठा फायदा, पाहुण्याला अवघडल्यासारखं होत नाही. पण पोरगी मराठी शाळेतली. ‘विंडो’ तेवढं समजलं, खिडकीपासूनच ओरडली, आजी, कडूमावशीचा का? आणि घेऊनच आली. कान तुटलेला.

गायकवाडांनी कपाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग म्हणाले, थँक यू मॅडम, आय हॅव जस्ट हॅड माय टी. उच्चार बरे आहेत. ‘हॅड’ किंचित लांबवतात. यांना नमस्कार केला, पल्लवीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. व्यवहाराचं बोलणं राहूनच गेलं. शैलजानं सेट परत कपाटात ठेवताना जरा जास्तच आवाज केला.

मी म्हटलं, माणूस तुसडा दिसतो. हे ‘बरं’सुद्धा म्हणाले नाहीत.

१४ डिसेंबर, मंगळवार.
कडूबाई हल्ली चहा घेत नाही. पित्त होतं म्हणाली. मी तिला साखरेबद्दल कधीपासून सांगत होते.

१९ डिसेंबर, रविवार.
माणिकराव येऊन गेले. घर दिलं म्हणे कुणालातरी. कुणाला ते सांगेनात, नुसती टोपी कुरवाळत बसले. बरंच झालं. आपण नाकारण्याआधी त्यांनी नाकारलं एवढंच. पुढच्या आठवड्यापासून मानवत आणि सेलू तपासायचं. नाताळ नाही, संक्रांत.

२६ डिसेंबर, रविवार.
घर गुरुनाथला दिलंय. माझ्या मुलाला! बारा तारखेलाच रात्री स्कूटर काढून गेला होता, शैलजाला मागं बसवून. मला म्हणाले होते, पल्लवीच्या वह्या आणायला. माफी मागितली म्हणे. कशाची? मी विचारलं, मला न विचारता घर घेतलंस? तर म्हणाला, आई, घर तूच तर निवडलंस.

गायकवाडांनी निरोप पाठवलाय, तोही गुरुनाथबरोबर. आईंनाही आणा. आमच्याकडे कप सगळे एकाच सेटचे आहेत.

असला टोमणा! शिकलेल्या माणसाला शोभतो? मी जाहीर केलं, मी येणार नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे. मी नसले तर चार दिवसांत सगळे परत येतील. शैलजाला साधा भाजीवाला हाताळता येत नाही.

२ जानेवारी १९९४, रविवार.
टेम्पो आला. सामान गेलं. पल्लवी जाताना रडली, पण टेम्पोत पुढं ड्रायव्हरशेजारी बसायला मिळालं तशी थांबली. गुरुनाथ दारात तीनदा येऊन उभा राहिला. चल, म्हणाला. मी पेपर वाचत होते.

यांना मी आधीच बजावलं होतं, तुम्ही कुठंही जायचं नाही. हे म्हणाले, बरं. मग रेडिओ काखेत मारला, काठी घेतली आणि टेम्पोमागं चालत निघाले. या गुडघ्यांनी! कोपऱ्यावर गुरुनाथनं स्कूटरवर घेतलं.

मी घराची देखरेख करणार. कुणीतरी करायला हवी.

९ जानेवारी, रविवार.
पल्लवी येऊन गेली. हे रोज संध्याकाळी गायकवाडांच्या ओट्यावर बसतात म्हणाली. खूप बोलतात. कडूबाईनं इथलं काम सोडलं, आता तिकडे शैलजाकडे आहे. सगळ्यांबरोबर बसून चहा पिते. मी विचारलं, पित्ताचं काय झालं? पोरीला माहीत नव्हतं.

शेरा लिहायचा होता. सुचला नाही.

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत.
शेजारच्या रेडिओवर ऐकलं, विद्यापीठाच्या नावात नाव घातलं. कुठंतरी फटाके, कुठंतरी पोलिसांची गाडी. माझा कशालाच विरोध नसतो. नाव काहीही ठेवा, आतली स्वच्छता महत्त्वाची.

पल्लवी तिळगूळ घेऊन येणार होती. गुरुनाथचा निरोप आला, रस्त्यावर बंदोबस्त आहे, उद्या पाठवतो. पुन्हा विचारलंय, आई, येतेस का? विचार करून कळवते म्हटलं. आपण लगेच हो म्हणू नये.

दुपारी चहा टाकला आणि लक्षात आलं, घरात कप नाही. मी इतके दिवस दूधच घेत होते, पेल्यातून. आज पेल्यात तीळ भिजवलेले. शैलजानं कपाट धुऊनपुसून नेलंय. राहिलाय तो खिडकीतला. त्याला या घरात कुणी हात लावत नाही, सामान भरतानासुद्धा लावला नाही.

उकळत्या पाण्यानं दोनदा धुतला. चहा प्यायले. तसा दोष काही नाही कपात. पण कान नसल्यामुळे धरता येत नाही, बोटं चांगलीच भाजतात. उजव्या हाताच्या दोन बोटांना फोड आलाय, म्हणून अक्षर असं.

इतकी वर्षं रोज चहा प्यायली कडूबाई, एकदा तरी सांगावं की नाही? या लोकांचं हेच चुकतं. वेळेवर तोंड उघडत नाहीत.