मिशीतला बर्फ

तुर्कू, १० नोव्हेंबर १९९६

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. नमस्कार शिरसाष्टांगच आहे, पण कपाळावर आठ्या आहेत, तेवढ्या समजून घ्याव्यात.

काल शेजारच्या ओइवाकाकांचा फोन आला. ते सांगत होते की, पुलाच्या अलीकडच्या वळणावर तुम्ही सायकलसकट आडवे झालात, मग उठून बर्फ झटकलात आणि जणू मुद्दामच विसावला होतात अशा थाटात पुढे निघून गेलात. तुमच्या कार्डावर मात्र इकडे सर्व क्षेम आहे आणि यंदा मासळी चांगली मिळाली, एवढंच. बाबा, मासळीची खुशाली कोणी विचारली होती?

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. पहिला बर्फ पडला की आमच्या एक्स-रे खोलीबाहेर रांग लागते. सगळे तुमच्यासारखेच, धडधाकट आणि हट्टी, आणि सगळे एकच सांगतात की, रस्ता रोजचाच होता. मी काचेवर त्यांची मनगटं बघते, खुबे बघते, आणि प्रत्येक खुब्यात मला तुम्ही दिसता. तुम्ही पंच्याहत्तरीला आलात. आईच्या वृद्धालयापर्यंत बस जाते, आपल्या घराच्या कोपऱ्यावरून जाते, आणि आत गरम असतं. या हिवाळ्यात बसने जा. मी नाताळला येते आहे. तोवर ऐकलं नाहीत तर सायकलला कुलूप घालून किल्ली तुर्कूला घेऊन येईन. धमकी समजा.

आईला माझा नमस्कार सांगा. सांगून उपयोग असो वा नसो, सांगा.

कळावे. लोभ आहेच, तो वाढावा आणि वेग कमी व्हावा.

आपली,
इंकेरी


ऊलू, १७ नोव्हेंबर १९९६

चि. इंकेरी हिस,

अनेक आशीर्वाद, त्यांतला एक तुझा राग उतरावा म्हणून वेगळा काढला आहे.

ओइवाला दुसरं काम नाही. खिडकीत बसून तो सगळ्या तुइरा मोहल्ल्याची पडझड मोजत असतो. मी पडलो हे खरं, पण चूक थंडीची नव्हती, माझी होती. थंडी कडक असली की बर्फ कोरडा असतो, चाकाखाली करकरतो, धरून ठेवतो. घात करते ती ही अर्धवट थंडी. नदीची वाफ त्या वळणावर बसते आणि काचेसारखी गोठते, वर चिमूटभर बर्फ पडतो, आणि माणूस फसतो. त्या दिवशी माझे खिळ्यांचे टायर अजून चढलेले नव्हते. आदल्या दिवशी तुझ्या आईच्या सायकलचे चढवले, माझे दुसऱ्या दिवसावर टाकले, आणि मधल्या सकाळी घसरलो. आता चढवले आहेत. सीट खाली केली आहे, दोन्ही पाय जमिनीला टेकतात. चाकांतली हवा थोडी कमी केली आहे. दिवा पुढे एक, मागे एक. वळणावर ब्रेक लावत नाही, हँडल फिरवत नाही, पेडल थांबवून श्वास धरून सरळ जातो. एवढा शहाणा मी लग्नातही नव्हतो.

आता बसचं. पोरी, मी बसने गेलो होतो. पडलो त्यानंतरचा आठवडाभर, तू सांगण्याआधीच. मनगट दुखत होतं, हे तुला म्हणून सांगतो. बसमधून उतरायचो, कोरडाठाक, टोपी हातात घेऊन आत जायचो. आणि तुझी आई मला बसा म्हणायची. खुर्ची पुढे करायची. पडद्यांचं माप घ्यायला आलात का, असं अगदी गोड विचारायची. एकदा म्हणाली की, आमचे हे येतीलच इतक्यात, सायकलवरून येतात, थांबा तोवर. मी थांबलो. तिच्या ह्यांची वाट बघत आम्ही दोघं खिडकीशी बसून राहिलो.

मग मी पुन्हा सायकल काढली. त्या दिवशी चांगली उणे वीसच्या खाली थंडी होती. दारात पाऊल टाकलं, मिशीला बर्फ लटकलेला, भुवया पांढऱ्या. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, तावेत्ती, अरे काय हा अवतार, दार लाव आधी. इंकेरी, नाव घेतलं तिने माझं.

लग्नाआधी मी खाडीच्या बर्फावरून सायकल हाकत तिच्या दारात असाच उभा राहायचो. तिच्या डोक्यात मी तेवढाच उरलो आहे. मिशीत बर्फ असेपर्यंत मी तिचा नवरा, वितळला की पडदेवाला. म्हणून मी खोली तापवणाऱ्या रेडिएटरपासून लांब बसतो, कोटही काढत नाही. तिथल्या परिचारिका हसतात. हसू देत.

सकाळी निघतो तेव्हा उजाडलेलं नसतं, सगळं निळं असतं. पुलावर वाफ इतकी की पुढची माणसं दिसत नाहीत, त्यांचे लाल दिवे तेवढे तरंगत जातात. खाली खिळ्यांची बारीक चरचर. त्या चरचरीत मला गुंगी आल्यासारखं होतं. पेडल मी मारतो आहे की कुणी अलगद ओढून नेतंय, हे कळत नाही. कितव्या वर्षातला मी, तेही कळत नाही. पूल संपेल तिथे खाडी लागेल, पलीकडे तिच्या घरचा दिवा असेल, असं वाटत राहतं. आणि गंमत म्हणजे, पलीकडे ती असतेच.

कुलूप घालायचं तर घाल. तुझा हक्क आहे. पण आधी हे पत्र दोनदा वाच.

बाकी क्षेम. मासळी खरंच चांगली मिळाली होती. लोभ ठेव, धमक्या आवर.

तुझा, दोन्ही मनगटं शाबूत असलेला,
बाबा


तुर्कू, २९ नोव्हेंबर १९९६

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. आठ्या गेल्या आहेत. नमस्कार नीट पोचावा.

पत्र दोनदा नाही, बऱ्याचदा वाचलं. कुलूप घेतलेलं नाही. त्याऐवजी एक झगझगीत पिवळं जॅकेट घेतलं आहे, ते घालायचं. त्यात तुम्ही रस्ता खणणाऱ्या कामगारासारखे दिसाल, पण दिसाल. आणि ते वळण उतरून, सायकल हाताने धरून पार करायचं. एवढं एक कबूल करा, बाकी माझी हार मान्य.

एक विचारू? आईच्या सायकलला खिळ्यांचे टायर कशासाठी? ती कुठे जाणार आहे आता? आणि त्यापायी तुमचे राहिले! रागावत नाही, फक्त विचारते.

बाबा, तुम्हाला एक सांगितलं नव्हतं. ऑगस्टमध्ये आले होते तेव्हा तुम्ही कॉफी आणायला गेला होतात, आणि आईने मला सिस्टर म्हणून हाक मारली. उशी नीट केली म्हणून माझे आभार मानले. त्याआधी ईस्टरलाही तेच. तुमचं पत्र वाचून आनंद झाला, आणि खरं सांगते, तुमचा हेवाही वाटला. मला मिशी नाही. माझं तिच्याजवळ काय उरलं असेल, याचा विचार करत मी हल्ली कामावरून घरी येते. इथे नुसता पाऊस आहे, रस्ते काळे आहेत, अंगावर कसलीच खूण राहत नाही.

वीस तारखेच्या गाडीने येते. तोवर सांभाळून. प्रेम आहेच, पिवळ्या जॅकेटसह स्वीकारावं.

आपली,
इंकेरी


रेल्वेत, कोक्कोलाच्या पुढे कुठेतरी, २७ डिसेंबर १९९६

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. गाडी हलते आहे, अक्षराला हसू नका.

आधी सायकलबद्दल पुन्हा एकदा माफी. सौनातलं वाफेचं स्नान झाल्यावर तुमचा डोळा लागला होता. मी लाकडं आणायला बाहेर गेले आणि ती बिचारी भिंतीशी उभी दिसली, सीटवर वीतभर बर्फ. नाताळची पूर्वसंध्या होती, मला कीव आली. आत आणली, पुसली, शेगडीजवळ ठेवली, आणि झोपण्याआधी अंगणात नेऊन उभी केली. मी ऊलूत जन्मलेली! बर्फातली सायकल उबेला आणायची नसते, आत वितळलेलं पाणी बाहेर पुन्हा गोठतं, हे मला बोलायला यायच्या आधीपासून ठाऊक. पण तुर्कूच्या पावसाने सगळं धुऊन नेलं.

सकाळी तुम्ही फाटकापाशी पेडल मारलंत आणि ते नुसतं गरगर फिरलं, चाक जागचं हललं नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. नाताळच्या दिवशी बस नाही, टॅक्सीवाले फोन उचलत नव्हते. मग तुम्ही शेडमधून आईची सायकल काढलीत आणि म्हणालात की, तुझ्या उंचीला हीच जमते, तू जा, माझं मनगट आज ठणकतं आहे.

मी गेले. शाळा सुटल्यापासून त्या पुलावरून हिवाळ्यात सायकल हाकली नव्हती. वळणावर उतरले, तुम्हाला सांगितलं होतं म्हणून मलाही उतरणं भाग होतं. एकही गाडी नाही, एकही माणूस नाही. नुसती वाफ, आणि वाफेतून उगवणारा गुलाबी उजेड. डोळ्यांच्या पापण्या एकमेकींना चिकटत होत्या. तुम्ही म्हणता ती गुंगी मलाही आली. वाटलं, पाठीवर दप्तर आहे.

घरी आल्यावर तुम्ही विचारलंत, कशी आहे ती. मी बरी आहे म्हणाले आणि बटाटे सोलायला घेतले. बोलले असते तर रडले असते, आणि तुम्हीही, मग जेवण कुणी केलं असतं? म्हणून आता लिहिते.

मी दारात उभी राहिले. आईने बराच वेळ बघितलं. मग उठली, पुढे आली, आणि म्हणाली की, टोपी कानावर ओढ म्हणून किती वेळा सांगायचं तुला. लहानपणी शाळेतून आले की ती माझ्या डोळ्यांवर दोन्ही तळवे ठेवून पापण्यांवरचा बर्फ वितळवायची, आठवतं? तसे तळवे ठेवले. मला ओरडून सांगावंसं वाटलं, आई, पुसू नकोस, तेवढंच आहे माझ्याकडे. पण तिचे हात गरम होते. बर्फ वितळला, तिने हात काढले, आणि तरीही ती माझ्याकडेच बघत होती. इंकेरी म्हणाली. इतका उशीर का केलास म्हणाली.

माझे ओले हातमोजे काढून घेतले, उलटे केले आणि रेडिएटरवर वाळत घातले. निघताना घेऊ देईना. ओल्याने जायचं नाही म्हणाली, आणि खणातून स्वतःचे काढून दिले. तोवर ती पुन्हा थोडी दूर गेली होती. तुम्ही फार लांबून आलात का, असं विचारलं. मी म्हटलं, हो, फार लांबून.

बाबा, तुमचा नाताळचा दिवस मी खाल्ला. तुमच्या वाट्याची तिची ओळख मला मिळाली. त्याबद्दल माफी मागायची की आभार मानायचे, तेच कळत नाही. दोन्ही समजा.

लोभ आहे, पूर्वीपेक्षा फार.

आपली,
इंकेरी


ऊलू, ४ जानेवारी १९९७

चि. इंकेरी हिस,

अनेक आशीर्वाद, या वेळी एकही हातचा राखलेला नाही.

माफी परत पाठवतो. तू दारात आलीस तेव्हा तुझ्या हातांत तुझ्या आईचे, साइमाचे हातमोजे होते. मला आणखी काय विचारायचं होतं? बटाटे तू फार जाड सोललेस, एवढंच मनात आलं.

आणि सायकलचं आता सांगून टाकतो. तुझ्या आईचा केस वाळवायचा ड्रायर बाथरूमच्या कपाटात आहे. गोठलेल्या चाकावर तो जरा वेळ धरला की झालं, ऊलूत शेंबडी पोरंसुद्धा करतात. तू फाटकाबाहेर पडलीस आणि मी तो आणून चाक मोकळं केलं. मग सायकल पुन्हा भिंतीशी उभी केली आणि चहा ठेवला. मनगट ठणकत नव्हतं. ऑगस्टची गोष्ट तू लिहिल्यापासून दुसरंच काही ठणकत होतं.

आईच्या सायकलला टायर कशाला, असं विचारलं होतंस. तेव्हा टाळलं. आता तुझं तुला कळलं असेल.

तू गेलीस त्या दिवशी हवा फिरली. थंडी उतरली, रिमझिम सुरू झाली. वळणावर उतरलो, पिवळं जॅकेट घातलं होतं, सगळं तुझ्या मनासारखं. पण मिशी नुसतीच ओली. तिने मला बसा म्हटलं, पडद्यांची चौकशी केली. मी खुर्ची घेतली, आणि थंडीच नाही तर कशाला लांब बसायचं म्हणून रेडिएटरजवळ ओढली. तशी ती एकदम उठली. म्हणाली की, अहो, जरा सरकून बसा, तिथे माझ्या इंकेरीचे हातमोजे वाळताहेत, परत जाताना लागतील तिला.

परिचारिका सांगत होती, नाताळपासून ती कुणाला त्यांना हात लावू देत नाही. केव्हाचे वाळून कडक झाले आहेत.

मी खुर्ची सरकवली.

बाकी क्षेम. लोभ आहेच. हातमोजे न्यायला ये, थंडी आहे तोवर ये.

तुझा,
बाबा